खंडेनवमीचा धूर

मॅडमची चिप मी बिघडवली होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. त्या होत्या तोवर सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी कॉलेजात फिजिक्स लॅबचा शिपाई होतो. दहावी नापास. वैशाली मॅडम कन्नड तालुक्यातल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मला मामा म्हणायच्या.

एकदा विचारलं, "मॅडम, या चिपवर हाय तरी काय? मला तर कायबी दिसंना."

"ग्राफीन. पेन्सिलीच्या शिसाचा एका अणूएवढा थर. अंतराळात रेडिएशन लागलं की हिच्यातला करंट बदलतो. माणसाच्या आधी हिला कळतं."

"म्हंजे लई भित्री हाय."

"तुमच्यासारखीच!"

ती चिप सॅटेलाइटमधून वर जाणार होती.

खंडेनवमीला मी दरवर्षी लॅबमधल्या यंत्रांची पूजा करायचो. त्या दिवशी मॅडम गावी होत्या. मी चिपची डबी उघडली. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या दोन अगरबत्त्या समोर लावल्या.

एवढ्या लांब जाणार. कुणीतरी हात जोडायला नकोत का?

सुट्टीनंतर चिप भलतंच रीडिंग द्यायला लागली.

एक विद्यार्थी म्हणाला, "हिच्यावर धुरासारखं काहीतरी बसलंय."

मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिलो.

मॅडम पंधरा दिवस तपासत राहिल्या. चिपची सॅटेलाइटमधून जायची पाळी हुकली. मी चहा घेऊन दारात उभा होतो, तेव्हा त्या फोनवर म्हणत होत्या, "चूक माझीच आहे, सर."

मी चहा ठेवला आणि बाहेर आलो.

पुढच्या खंडेनवमीला मॅडमनी व्हरांड्यात टेबल मांडलं. ताटलीत तीच बिघडलेली चिप.

"मामा, पूजा हिची करा. झाली की घरी न्या."

"आत नको?"

"आत नको."

एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

त्यांना माहीत होतं का?

माहीत होतं, तर बोलल्या का नाहीत? नव्हतं, तर टेबल बाहेर का मांडलं?

मग डेंग्यूनं त्या गेल्या. दुसरी चिप विद्यार्थ्यांनी पूर्ण केली. ती आता वर आहे. संध्याकाळी अंगणात बसलो की मान आपोआप वर जाते आणि मी ती खाली घालतो.

पहिली चिप माझ्या घरी आहे. डबी उघडत नाही. माझा श्वास तिला लागेल, अशी भीती वाटते.

आज बायकोनं मॅडमच्या फोटोला हार घातला. अगरबत्ती पेटवायला काडी ओढली.

मी फुंकर मारून विझवली.

"अहो, वर्षश्राद्ध हाय ना?"

"असू दे. धूर नको."

मॅडम, तो धूर माझा होता.

मामाचा नमस्कार घ्या.