आधी वांगं, मग गणपती

साळवे सिस्टर माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हात. पार्किंगमध्ये, पाण्याच्या टँकरपाशी, सोसायटीच्या सभेत, कुठेही. त्यांची नजर समोरच्याच्या हातांवर जायची, तिथे जरा थांबायची आणि मग सावकाश वर यायची. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. "सुई कुठे टोचायची ते तोंडावर लिहिलेलं नसतं," असं त्या म्हणायच्या.

मोशीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या, लग्न राहून गेलेल्या. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, सहलीला जातात. या दगड कोरायला लागल्या. त्याचं झालं असं, की शेजारणींबरोबर त्या एकदा आळंदीला गेल्या होत्या. वाटेत मूर्ती घडवणाऱ्यांची शेड लागली. बाकीच्या दर्शन घेऊन, खरेदी करून परत आल्या तरी या शेडसमोर उभ्याच. पुढच्या आठवड्यात एकट्याच गेल्या, तेव्हा शेडच्या मालकाने बसायला स्टूल दिलं. त्यानंतर कधीतरी हातोडी दिली. "मला पेन्शन मिळाली, हातांना कुठे मिळाली?" असं त्या वर म्हणायच्या. इमारतीच्या मागे पंपहाउसला लागून पत्र्याचा आडोसा होता, तिथे त्यांनी बस्तान मांडलं. ठोकाठोकीवरून कुरकूर झाली, तेव्हा त्या स्वतःच चेअरमनकडे गेल्या, कुणाकडे तान्हं बाळ आहे, कोण रात्रपाळी करून दुपारी झोपतो ते विचारून आल्या आणि संध्याकाळची वेळ ठरवून घेतली. ती त्यांनी कधी मोडली नाही.

मी तेव्हा चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर होतो. एका फर्स्ट शिफ्टला माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मशीनमध्ये अर्ध्यातून गेलं. जखम भरली, टाके निघाले. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मात्र टीव्हीखाली गेला तो तिथेच राहिला. मी हात खिशात घालून फिरायचो. शर्टाची बटणं माझी बायको सुनीता लावून द्यायची. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचो. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या तपासणीत हाताची पकड बघू आणि मग मशीनच्या कामावर घ्यायचं की नाही ते ठरवू. ते ऐकून मी घाबरायला हवं होतं आणि चेंडू शोधायला हवा होता. मी फक्त घाबरलो.

सिस्टर मला पार्किंगमध्ये भेटल्या. त्यांची नजर माझ्या खिशावर गेली आणि तिथेच राहिली.

"ढवळे, दाखवा," त्या म्हणाल्या.

दवाखान्यात बोलावं तसं बोलल्या, त्यामुळे माझा हात आपोआप बाहेर आला. त्यांनी तो उलटासुलटा केला, बोटांच्या टोकांवर अंगठ्याने दाबून पाहिलं, मनगट फिरवलं. सुनीता सोडून महिनोन्महिने त्या हाताला कुणी हात लावला नव्हता.

"टाके छान घातलेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं त्याचं काम केलंय. हात तुम्ही सोडून दिलाय."

मला राग आला. मी तडक जिना चढलो आणि घरी येऊन सुनीतावर उगाच चिडलो. ती शांतपणे म्हणाली, खरं तेच बोलल्या त्या.

त्या रविवारी सिस्टरांनी खालून हाक मारली. रिक्षातून एक दगड आणला होता, तो आडोशापर्यंत न्यायचा होता. दगड तसा फार मोठा नव्हता, पण एका हाताने उचलेल असाही नव्हता. मी दोन्ही हात लावले. अर्ध्या बोटांना तो गार लागला आणि आत खोल कुठेतरी झिणझिण्या आल्या. दगड खाली ठेवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की आपण दोन्ही हातांनी काहीतरी वाहून आणलंय. वॉचमन तिथेच गेटजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याला का नाही हाक मारली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि हातोडीने दगडावर ठिकठिकाणी हलकेच टकटक केलं. ऐका म्हणाल्या. सगळीकडे टणटणीत आवाज येत होता, एका कोपऱ्यावर मात्र बद्द. त्या कोपऱ्यात आत तडा होता, वरून दिसत नव्हता. छाती तपासताना डॉक्टर बोटांनी ठोकून बघतात, तसंच हे, असं त्यांनी सांगितलं. दगड घेताना आधी कान लावायचा, डोळे नंतर. माझ्यासाठी त्यांनी संगजिऱ्याचा तुकडा काढला. नखाने ओरखडलं तरी रेघ उठते इतका तो दगड मऊ असतो. शिकणाऱ्याने त्याच्यावरच सुरुवात करावी, काळ्या दगडाच्या नादी लागू नये, हे त्या येईल त्याला सांगायच्या. दगडाखाली वाळू भरलेली पिशवी, म्हणजे तो हलत नाही. शेजारी पाण्याची बादली, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा नसेल, तर त्या हत्यार हातात देतच नसत. दगडाची धूळ छातीत बसलेले पेशंट त्यांनी वॉर्डात पाहिले होते. त्यांच्याबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत, पण कुणाचा मास्क हनुवटीवर आला की त्यांचा चेहराच बदलायचा.

मला गणपती करायचा होता. तसं मी उत्साहाने सांगितलं.

"आधी वांगं," सिस्टर म्हणाल्या. "गणपती बिघडला तर तुम्हाला वाईट वाटेल. वांगं बिघडलं तर भाजी."

मी वांगं करायला घेतलं. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात छिन्नी. छिन्नी मी जिवाच्या आकांताने आवळायचो, कारण पाच बोटांचं काम आता तिघांना करायचं होतं. पाच मिनिटांत हात भरून यायचा. सिस्टरांनी ते दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "पेशंटची नाडी बघतो तशी धरा. आवळली की काही कळत नाही." मी पकड सैल केली. छिन्नी पडेल असं वाटलं, पण पडली नाही. उरलेली अर्धी बोटं तिच्या पोटाखाली टेकली आणि तेवढा आधार तिला पुरला. त्या दिवशी दगडातून पहिल्यांदा माझ्या मनात होती तेवढीच कपची उडाली.

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. त्या कधीही शिकणाऱ्याच्या हातातून हत्यार काढून घेत नसत. मी चुकीच्या कोनात छिन्नी लावली की त्या नुसत्या हं म्हणायच्या. मी अडकलो आणि तुम्हीच एक घाव मारून दाखवा म्हटलं, की दुसरा दगड घेऊन त्याच्यावर दाखवायच्या. माझ्या दगडाला त्यांनी हात लावला नाही. मला तेव्हा हा हट्ट वाटायचा. वांग्याचा देठ शेवटच्या दिवसांत तुटला, तेव्हाही त्या मध्ये पडल्या नाहीत. मी तुकडा हातात घेऊन बसलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही वांग्यासाठी नव्हतं. सिस्टर उठल्या, चहा करून आणला, माझ्याबरोबर बसून प्यायल्या. कप खाली ठेवल्यावर म्हणाल्या की तुटलेल्या जागेतूनच लहान देठ निघतो का बघा. निघाला. जरा आखूड, एका बाजूला वळलेला. बाजारात अशीच वांगी जास्त मिळतात. कानशीने घासून, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून मी ते घरी नेलं. सुनीताने ते हातात धरून खूप वेळ पाहिलं आणि गॅसच्या ओट्यावर, खऱ्या भाजीच्या टोपलीशेजारी ठेवलं.

तपासणीच्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी पकड मोजायचं यंत्र हातात दिलं. दाबल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, व्यायाम नेमाने केलेला दिसतोय. मी हो म्हटलं. मला पुन्हा प्रेसवर नाही, पण तपासणी विभागात घेतलं. तिथे सुटे भाग दोन्ही हातांत फिरवून बघावे लागतात. संध्याकाळी पेढे घेऊन मी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, आता गणपती कधी? त्या वर्षी आमच्या घरी बसला तो गणपती मी केलेला होता. सोंड जरा जाड झाली होती. सिस्टर आरतीला आल्या, टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या आणि जाताना म्हणाल्या की पुढच्या वर्षी सोंडेवर काम करू.

त्या स्वतः त्या काळात काळ्या दगडातली शेळी करत होत्या. बसून रवंथ करणारी, लांब कानांची. लहानपणी त्यांच्या दारात होती तशी. काळा दगड फार चिवट. आठवडाभर ठोकावं तेव्हा ओंजळभर कपच्या निघायच्या. पण शेळी दिसायला लागली होती. पोट आलं, दुमडलेले पाय आले, मान आली. डावा कान झाला. आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. संधिवात कधीपासून होता, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आधी हातोडी हलकी घेतली, मग तीही धरवेना. स्वयंपाकाला बाई आली. नगरहून त्यांची भाची येऊन गेली आणि मावशीला आता आमच्याकडेच नेते म्हणाली. सिस्टरांनी वाद घातला नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला आडोशात बोलावलं. आपली छिन्नी माझ्यापुढे धरली.

"उजवा कान तुम्ही करा," त्या म्हणाल्या.

मी नको म्हटलं. कान म्हणजे पानाएवढा पातळ, एक घाव चुकला की वर्षाची मेहनत गेली. ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुटला तर एका कानाची शेळी. तीही जगते."

मी रोज कंपनीतून आल्यावर बसायचो. त्या समोर स्टुलावर. त्यांनी एकदाही हं म्हटलं नाही. कान पुरा झाला तेव्हा त्यांनी दुखऱ्या अंगठ्याने त्याच्या कडेवरून हात फिरवला. मी केलेला कान जरा खाली लोंबतोय, असं मी म्हटलं. शेळी ऐकत असली की तसाच करते, असं त्या म्हणाल्या. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान थोडंच होतं. शेळी त्यांनी ड्रायव्हरशेजारी स्वतःच्या पायांपाशी गोधडीत गुंडाळून ठेवायला लावली. हत्यारांची पेटी माझ्या दारात ठेवून गेल्या होत्या. ते मला टेम्पो गेल्यावर कळलं.

त्यानंतर दर रविवारी फोन असायचा. सध्या काय करताय, दगड कुठला, मास्क लावता ना. गेल्या हिवाळ्यात रविवार नसताना भाचीचा फोन आला. मी आणि सुनीता नगरला गेलो. प्रार्थना झाली, माती दिली. शेळी भाचीच्या अंगणात नळाजवळ होती, दोन्ही कान शाबूत. निघताना मी भीतभीत विचारलं की कबरीवरचा दगड मी केला तर चालेल का. भाचीने लगेच हो म्हटलं आणि काय लिहायचं ते कागदावर लिहून दिलं. मी कागद वाचला आणि तसाच उभा राहिलो. मालन यशवंत साळवे. इतकी वर्षं एका इमारतीत राहून, त्यांच्यासमोर रोज बसून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

अक्षरं कोरणं वेगळं असतं. वांग्यात थोडं इकडेतिकडे चालतं, अक्षरात नाही. मी आधी दुसऱ्या दगडांवर सराव केला, मग घाई न करता एकेक अक्षर कोरलं. दगड बसवायला गेलो, तेव्हा सिस्टरांची मोठी बहीण आली होती. भाचीची आई. वय झालेलं, डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला दगडाजवळ खुर्ची दिली. तिने वाकून बोट लावलं आणि खाचेतून फिरवत एकेक अक्षर वाचलं. मा. ल. न.

"या नावानं तिला हाक मारणारी मी एकटीच उरले होते," ती म्हणाली.

मी म्हटलं, आजी, आता इथून जाईल तो वाचेल.

तिने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं आणि नाव सुरुवातीपासून वाचायला लागली.