काँगोची गोचीड

बायको गेली तेव्हापासून तुळजापूरच्या आईशी माझं बोलणं बंद होतं. तामलवाडीहून तुळजापूर काही लांब नाही, पण मी पाऊल टाकलं नाही. एवढे नवस बोलूनही माणूस नेलं, मग कसली आई, असं चारचौघांत म्हणायचो. पण एकुलता एक पोरगा पलटणीबरोबर आफ्रिकेतल्या काँगो मुलखात जाऊन सुट्टीवर आला आणि चौथ्या दिवशी तापानं फणफणला, तेव्हा माझा तोरा उतरला.

तीन दिवसांनी घाम फुटून ताप गेला. आईला दया आली म्हणून मी पुरणाचा नैवेद्य केला. पुरण पोळीत राहीना, तरी दाखवला. आठ दिवसांनी ताप परत. नैवेद्य आवडला नसंल असं वाटलं. मग लोटांगण घातलं, गुडघे सोलले. ताप गेला आणि आठवड्यानं पुन्हा आला. तापातल्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, वारं लागतं, अशी आमच्याकडची रीत. म्हणून दर वेळी ताप उतरल्यावरच त्याला सोलापूरच्या डॉक्टरांकडं नेई. ते रक्त तपासून हिवताप नाही म्हणत, आणि पोरगा त्यांच्यापुढं ताठ उभा राही. तिसऱ्या तापात त्याचे डोळे पिवळे पडले. मी घाबरलो, त्याला शेजारणीच्या हवाली केलं आणि देवळात भांडायलाच गेलो.

पायरीवर बसून मोठ्यानं म्हणालो, "न्यायचा तर ने, न्हायतर ठेव. सारखं काय चाललंय तुझं?"

शेजारी एक म्हातारा धनगर बसला होता. "पाव्हणं, कुणाशी भांडताय?"

"आईशी."

"मग हळू बोला. तिला ऐकू येतंय."

मी त्याला सगळं सांगितलं. पोरगा तिकडं झोपायचा कुठं, एवढंच त्यानं विचारलं. मातीच्या झोपडीत, भुईवर, चावे घेऊन उठायचा, मी म्हणालो.

"गोचीड असंल. आमच्या मेंढरास्नी तिच्यापायी ताप येतो. डागदरला दावलं का?"

"दावलं की. ताप उतरला की नेतो."

"बरं असताना मेंढरू दावल्यावर डागदर काय बघंल, लोकर?"

मी तसाच घरी आलो आणि भर तापात पोराला गाडीत घातलं. शेजारणी म्हणाल्या, बापच पोरगं घालवतो आता. डॉक्टरांना झोपडी, गोचीड सगळं सांगितलं. त्यांनी तिथंच रक्त घेऊन भिंगाखाली बघितलं. मलाही दाखवलं, नागमोडी धाग्यांसारखं काहीतरी. "काका, हे गोचिडीनं दिलंय. ताप उतरला की हे जंतू रक्तात दिसत नाहीत. आज आणलंत म्हणून सापडले." इंजेक्शन दिल्यावर पोराला अशी हुडहुडी भरली की नवस माझ्या तोंडाशी आला होता, मीच गिळला. औषध लागू पडताना असं होतं, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर ताप आला नाही.

त्या धनगराला लई हुडकलं, सापडला नाही. लोक म्हणतात, आईच आली होती. मी वाद घालत नाही. आईच्या अंगाला मेंढराचा एवढा वास येत असंल असं मात्र वाटत नाही. पण बायको गेल्यापासून माझं भांडण कुणी पुरतं ऐकून घेतलं ते त्या दिवशी, आणि ते तिच्याच पायरीवर.

पोरगा पलटणीत परत निघाला त्या दिवशी मी आईपुढं उभा राहिलो. काय काय मागायचं ते ठरवून गेलो होतो. पण तिला काम सांगून सांगून मी थकलो होतो. म्हणालो, पोरगा निघालाय, तुला ठाऊक हाय. एवढं बोलून बाजूला झालो आणि मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.