पांढऱ्या लादीवरचे पांढरे मोजे

"म्याडम, आबांना काम झेपत नाय, असं दोन ओळीत लिहून द्या. मी पण मोकळा, ते पण मोकळे."

सुधीरशेठ आमच्या पेणच्या क्लिनिकमध्ये उभ्याउभ्याच बोलत होते. जवळच्या जोहे गावात त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. शेजारी मान खाली घालून बसलेले दामूआबा, त्यांच्याकडचे आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. त्या पावसाळ्यात आबा कारखान्यात दोनदा घसरले. दुसऱ्यांदा हातातल्या मूर्तीची सोंडच गेली.

"वय झालं," शेठ म्हणाले.

हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी फिजिओथेरपिस्ट. सुट्टीच्या दिवशी एसटी स्टँडवर उभी राहून आमच्या फिजिओंच्या ग्रुपची 'पडणं टाळा' अशी पत्रकं वाटते. माणूस पडला की सगळे आधी त्याचं वय विचारतात. लादी कसली होती, पायात काय होतं, हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही!

मी आबांना चालायला लावलं. माणसाच्या चालण्याच्या ढबीला आम्ही गेट म्हणतो. टाच आधी टेकते, मग तळवा, मग अंगठा जमीन मागे ढकलतो. आबांचं सगळं जागच्या जागी. एका पायावर उभं केलं, तरी डगमगले नाहीत.

"आबा, पडता कुठे?"

"फकस्त कारखान्यात, बाय. शेताच्या बांधावर नाय, घरात नाय. आखणी सुटली तर मी दिवसभर करू काय गो?"

मी शेठकडे वळले. "सही नंतर. आधी कारखाना दाखवा."

पुढचा भाग नवा कोरा. गुळगुळीत पांढरी लादी, मोठे दिवे, गिऱ्हाइकाला मोबाईलवर मूर्ती दाखवायची सोय. चपला दाराबाहेर, कारण गणपतीपुढे चपला घालून कोण जाणार? म्हणजे माझ्या पत्रकातला 'पकड असलेले बूट घाला' हा सल्ला दाराबाहेरच राहिला. आबांनी खिशातून पांढरे मोजे काढले आणि पायात चढवले.

"हे कुणी दिले?"

"मीच," शेठ कौतुकाने म्हणाले. "सगळ्यांना. पायाचे ठसे उमटतात ना लादीवर. व्हिडिओत घाण दिसतं."

मी लादीवरून बोट फिरवलं. घासलेल्या प्लास्टरची पावडर. कॅरमवर टाकतात तशी.

आबा चालू लागले. माणूस तोच, चाल भलतीच. गुडघे वाकलेले, पावलं तोकडी, टाच टेकतच नव्हती, नजर पायाशी. मोज्यामुळे तळव्याला जमीन नीट कळत नाही आणि पकडही मिळत नाही. मग शरीर घाबरून स्वतःलाच आखडून घेतं.

"बघा. म्हातारपण," शेठ म्हणाले.

"तुमचं वय?"

"अडतीस."

"मग घाला मोजे. आणि मूर्ती नको, ती रिकामी पाटी धरा पोटाशी."

शेठ हसत निघाले. रॅकपर्यंत जाईस्तोवर त्यांचेही गुडघे वाकले, पावलं तोकडी झाली. रंगकाम करणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गो, शेठचं पन वय झालं!" सगळा कारखाना हसला. शेठ रॅक धरून उभे होते.

"मोजे काढतो," ते पुटपुटले.

"आणि लादीवर काथ्याची चटई. कडा घट्ट चिकटवून, नायतर तिच्यातच पाय अडकेल. पावडर सारखी झाडायची."

"चटई? शोरूम हाय ही, म्याडम. भाताचं गोडाऊन नाय!"

"बरं. मग डोळे तुम्ही आखा."

शेठनी आबांकडे पाहिलं. मग रॅकवरच्या, डोळ्यांची वाट पाहत बसलेल्या मूर्तींकडे पाहिलं. चटई आली.

त्या सीझनमध्ये आबा पुन्हा पडले नाहीत. मी माझ्या घरचा गणपती आणायला गेले तेव्हा मूर्ती आबांनीच आणून दिली. अनवाणी, टाच टेकवत, नजर समोर. "डोळे बघ गो बाय, मग बोल," म्हणाले. मी बघितले. हात जोडले.

शेठ आता व्हिडिओत चटईसुद्धा दाखवतात. आमची पारंपरिक पद्धत, म्हणून सांगतात. सांगू देत.

पत्रक मी नवीन छापलं: माणूस पडला तर आधी जमीन बघा, मग पायातलं बघा, वय सगळ्यात शेवटी विचारा.

मोजे वाया गेले नाहीत. रंगकामाच्या बायका त्यांनीच ब्रश पुसतात.