आठ नंबरच्या गाडीचा पाइप

माझी हिरवी गाडी स्पर्धेच्या टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली गेली, हे मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

आमचा गट लहान आहे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा सगळी मिळून वीस-बावीस माणसं, बहुतेक चाळिशीच्या पुढची. छंद एकच, जुन्या शर्यतीच्या गाड्यांची प्लास्टिकची किटं आणायची आणि खरी गाडी जशी धावली तशीच, चोवीसपट लहान करून, जोडायची. हिवाळ्यात एका रविवारी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही वर्षभराचं काम मांडतो. बक्षीस म्हणजे एक छापील कागद आणि टाळ्या. तेवढ्यासाठी माणसं वर्षभर डोळे फोडतात, त्यात मीही आहे.

पोटासाठी मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग मोजतो. सकाळी कंपनीची बस पकडायची, दिवसभर मापाचा व्हर्नियर हातात, भाग मापात असेल तर पुढे, नसेल तर लाल पेटीत. घरी आल्यावरही तेच करतो, असं बायको म्हणते. फरक इतकाच की घरी लाल पेटी नाही. घरी चूक सापडली की ती दुरुस्त करायची असते.

त्या हिरव्या ब्रिटिश गाडीच्या किटमध्ये चूक होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मूळ गाडीच्या मापाला चोवीसने भागून जितकं यायला हवं त्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटर कमी होतं. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. मला गाडी आखूड दिसत होती, तोंडावर आपटलेल्या माणसासारखी. मी गाडीच्या दाराच्या मागे करवतीने बॉडी कापली, मध्ये प्लास्टिकची पट्टी घातली, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. रंग दिवाळीच्या आधी मारून घेतला, कारण नंतर इथल्या धुरकट हवेत उघड्यावर काही वाळत ठेवायची सोय नसते. जोड कुठे आहे ते शेवटी मलाही बोटाने सापडेना.

त्या वर्षी परीक्षकांत आमच्या गटाचे अध्यक्ष होते. मूळचे पुण्याचे, गुरुग्रामला मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर. गटात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं होतं की जरा आपलेपणा असेल. त्यांनी माझ्या गाडीशेजारी त्याच किटची दुसऱ्या कोणाची तरी न कापलेली गाडी ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "अच्छा, ही लांब कशी झाली? जोडताना ताणलीत का, यार?"

मी म्हणालो, "सर, किट चुकीचं आहे. मापं काढा."

"म्हणजे कारखानेवाले चुकले आणि तुम्ही बरोबर!" मग हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "देखो भाई, मानेसर का क्वालिटी कंट्रोल!"

सगळे हसले. बायको माझ्या शेजारी डबा घेऊन उभी होती. गाडी 'किटशी विसंगत' म्हणून स्पर्धेतून काढली आणि खिडकीत ठेवली. तेव्हापासून त्यांनी मला नावच ते पाडलं. भेटले की, "काय मानेसर, काय ताणताय सध्या?"

इथवर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांनी त्याच किटवर भाषण दिलं. पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की या किटमध्ये चाकांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर कमी आहे, "हे माझ्या लक्षात आलं", बॉडी नेमकी दाराच्या मागे कापावी, आणि किट व फोटो यांत फरक पडला तर फोटो मानावा. लोकांनी वह्यांत उतरवून घेतलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं की त्यांना सगळं आठवत होतं.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुरावा काय देणार? माझी गाडी घरी कपाटात होती, आणि ताणलेली म्हणून प्रसिद्ध होती. पण मला त्या गाडीचा न्याय हवा होता, त्यांच्या तोंडून आणि त्याच हॉलमध्ये.

संधी त्यांनीच आणून दिली. गेल्या पावसाळ्यात त्यांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर जाहीर केलं की ते पन्नासच्या दशकातली एक लाल इटालियन गाडी करतायत. एकाच माणसाची, मधोमध बसायची, आठ नंबरची. किटमध्ये धुराचा लांब पाइप डाव्या अंगाने जात होता. पण त्या शर्यतीचा एक जुना कृष्णधवल फोटो त्यांना इंटरनेटवर मिळाला होता आणि त्यात पाइप उजवीकडे होता. झालं! 'याच गाडीला, याच शर्यतीपुरता पाइप फिरवला होता, हे आजवर कोणाच्याच लक्षात आलेलं नाही,' असं त्यांनी लिहिलं. आमच्या छंदात हा रोग जुना आहे. त्या काळी गाड्या खरोखरच शर्यतीगणिक बदलत, त्यामुळे प्रत्येक फोटोत शोध लागल्यासारखं वाटतं.

मी फोटो मोठा करून पाहिला. आठचा आकडा ठीक होता. पण आठ उलटा केला तरी आठच राहतो. मग गाडीशेजारी उभा असलेला मेकॅनिक पाहिला. त्याच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता.

पुरुषाच्या शर्टाला एकच खिसा असेल तर तो डावीकडे असतो. मी त्याची मनगटं पाहिली. घड्याळ उजव्या हातात. फोटो छापतानाच उलटा छापला गेला होता. पाइप डावीकडेच होता, किट बरोबर होतं, आणि अध्यक्ष एका बरोबर गाडीला चुकीची करायला करवत घेऊन बसले होते.

मी बायकोला फोटो दाखवला. तिने खिसा पाहिला आणि हसली. मग म्हणाली, "सांगून टाका हो. उगाच कापत बसेल बिचारा."

"बिचारा?"

"बरं, बिचारा नाही. पण सांगा."

"विचारलं तर सांगेन," मी म्हणालो.

आणि त्यांनी विचारलं. गटावर नाही, मला एकट्याला, फोन करून. आवाज एकदम गोड. "तुमची नजर बारीक आहे म्हणून विचारतो. पाइप किटप्रमाणे डावीकडे ठेवू, की फोटोप्रमाणे उजवीकडे? एकदा कापलं की कापलं."

एका वाक्यात त्यांचे चार महिने वाचले असते. मी खोटं बोलत नाही, तेव्हाही बोललो नाही. म्हणालो, "सर, भाषणात तुम्हीच म्हणाला होतात ना, किट आणि फोटो यांत फरक पडला तर फोटो मानायचा?"

"बिल्कुल! तेच म्हणतो मी," ते खूश होऊन म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "हे काही सांगणं नव्हे." मी म्हणालो, "नाहीच."

नंतरचे चार महिने माझे फार चांगले गेले. ते दर रविवारी गटावर प्रगती दाखवत. बॉनेटची डावी बाजू बुजवली, उजवीकडे नवीन भोकं पाडली, पितळी नळीतून पाइप वाकवला. काम सुरेख होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. लोक 'वाह' लिहीत. मीही प्रत्येक वेळी शाबासकीचा अंगठा दाखवला. अंगठ्यागणिक मला जे वाटे त्याला सभ्य शब्द नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हिरवी गाडी सोबत नेली. परीक्षक म्हणून हवाई दलातून निवृत्त झालेले एक पंजाबी आजोबा होते, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. लाल गाडीशेजारी अध्यक्षांनी तो फोटो मोठा करून लावला होता. आजोबा वाकून बघत होते, भोवती सगळे जमले होते. मी पुढे झालो आणि अध्यक्षांना हिंदीत विचारलं, "सर, तुमच्या शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

अध्यक्षांनी हसून छातीवर हात ठेवला. "डावीकडे. का, काय ठेवायचंय त्यात, मानेसर?"

"काही नाही. आता फोटोतल्या मेकॅनिकचा बघा."

आजोबांनी आधी स्वतःचा खिसा चाचपला, मग चष्मा वर सरकवून फोटो पाहिला. भोवतीचे चार-पाच जण नकळत आपापल्या छातीला हात लावत होते. "ओए," आजोबा म्हणाले, "ये फोटो तो उल्टी छपी है!"

"इटलीत वेगळी पद्धत असेल," अध्यक्ष म्हणाले.

"घड्याळाचीही?" मी विचारलं.

ते माझ्याजवळ सरकले. मग मराठीत, हळू आवाजात मला म्हणाले, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मी फोन केला तेव्हाही?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत? माणुसकी नाही तुम्हाला?"

मी हिंदीतच उत्तर दिलं, कारण सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. "हिरव्या गाडीची दुरुस्ती तुम्ही भाषणात स्वतःची म्हणून सांगितलीत, तेव्हा मी विचारलं होतं का माणुसकीचं?"

"कौन सी हरी गाड़ी?" आजोबांनी विचारलं.

मी डबा उघडून गाडी टेबलावर ठेवली आणि शेजारी व्हर्नियर. "सरच मोजतील," मी म्हणालो.

ते मोजायला तयार नव्हते. पण इतकी माणसं बघत असताना नाही म्हणणं मोजण्याहून वाईट दिसलं असतं. त्यांनी मोजलं. आकडा पुटपुटले. "ज़रा ऊँचा बोलो जी, कान से कम सुनता हूँ," आजोबा म्हणाले. अध्यक्षांनी आकडा मोठ्याने सांगितला. मी मूळ माप सांगितलं, आजोबांनी फोनवर चोवीसने भागलं, उत्तर जुळलं. मग आजोबांनी सरळच विचारलं की भाषणातली दुरुस्ती मग कोणाची. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "इनकी थी. पहले इन्होंने ही की थी."

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. दोघातिघांनी माझ्याशी हात मिळवला, पण जरा जपूनच, आणि चहाच्या वेळी माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली. पुढच्या वर्षी हे लोक मला काही विचारताना दोनदा विचार करतील. करू देत. मेट्रोत बायको म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हणालो, "झालं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला ते उत्तर आवडलं नसावं, पण प्रश्न तिने विचारला होता.

दोन महिन्यांनी अध्यक्षांनी लाल गाडी पुन्हा गटावर दाखवली. पाइप डावीकडे आणला होता, उजवीकडची भोकं अशी बुजवली होती की माग लागू नये. खाली लिहिलं होतं, 'आता सगळं मूळ गाडीप्रमाणे.' मी फोटो मोठा करून इंच इंच पाहिला. शेपटीवर तेलाच्या टाकीचं एक बारीक झाकण असतं. तेही त्यांनी त्या उलट्या फोटोवरून हलवलं होतं, आणि ते अजून चुकीच्या बाजूलाच आहे.

मी अंगठा दाखवला.