तिनं मागितलेले डोळे

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारीला सगळी गल्ली ‘नंबरवाली’ म्हणायची. वीस वर्षं मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होती. कोण खरंच वाचतंय आणि कोण पाठ करून आलंय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. “काका, ती ओळ मी अजून दाखवलीच नाही,” असं ती हसत म्हणे, आणि काका ओशाळत.

हे हसणं मागच्या वर्षी आटलं. एका रविवारी सकाळी तिच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेच्या खोलीत तीसेक माणसं घुसली. पुढे होता शेजारच्या गोदामाचा मालक. “बाकं बाहेर काढा,” एवढंच तो म्हणाला, तेही आवाज न चढवता. तिचा नवरा बाक धरून बसला होता. त्या ओढाताणीत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. नवरा वायरमन; आता त्याला साधा स्क्रू धरता येत नाही. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर त्यांनी यांच्याच नावावर तक्रार लिहून घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. खोलीला कुलूप लागलं ते लागलंच.

तेव्हापासून मंडळी तिच्या स्वयंपाकघरात जमू लागली, पडदे ओढून, हळू आवाजात गायला. पाळक सांगत, देव न्यायी आहे, छळ सोसणाऱ्यांना तो विसरत नाही. न्याय त्याच्यावर सोपवा. तिनं सोपवला, पण एक सूचना जोडून. छळणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधार यावा, अशी विनवणी एका स्तोत्रात आहे. नेमकी तीच तिनं धरली. डोळे हा तिचा रोजचा धंदा, त्यामुळे मागणं सोपं गेलं. अकरा महिने, रोज सकाळी भांडी घासताना.

सासूला ते ठाऊक होतं. “तू डोळे माग, मी गुडघे मागते,” ती म्हणायची. “देवाच्या काठीला आवाज नसतो, पण कुठे मारायचं ते सांगून ठेवलेलं बरं.”

आणि एका मंगळवारी दुपारी गोदामवाला येऊन तिच्या खुर्चीत बसला.

“ताई, वाचायला त्रास होतोय. नंबर वाढला असेल. बघा जरा.”

त्यानं तिला ओळखलं नव्हतं. त्या रविवारी बायकांकडे त्यानं पाहिलंच कुठे होतं? तिनं मात्र आवाज ओळखला. हात आपसूक काम करत राहिले. नंबर फारसा वाढलेला नव्हता. मग चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचा मोजते तसा तिनं डोळ्यातला दाब मोजला. यंत्रानं डोळ्यावर हवेची फुंकर मारली. एकवीसपर्यंत ठीक असतं. आकडा आला एकेचाळीस. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा मोजलं. बेचाळीस.

“माझ्या नाकाकडे बघा,” ती म्हणाली आणि कडेनं बोट हळूहळू आत आणू लागली. बोट जवळजवळ समोर आलं तेव्हा तो म्हणाला, “हां, आता दिसलं.”

काचबिंदूच असणार. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर खात येतो. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधानं वाचते, तीही वेळेत गेलं तर.

इतके महिने आपण बोलत होतो आणि कुणीतरी खरंच ऐकत होतं, या विचारानं अंगावर सर्रकन काटा आला. “एक मिनिट,” म्हणत ती बाहेर आली आणि तिनं घरी फोन लावला.

“आई, तो आलाय. गोदामवाला. त्याची नजर चाललीय. आत्ता सांगितलं तर वाचेल.”

पलीकडे नळ बंद झाला. “मग सांगू नकोस,” सासू सावकाश म्हणाली. “वाचायचा चष्मा दे आणि वाटेला लाव.”

“अहो, पण आई...”

“माझ्या लेकाची बोटं आठव आधी. देव करतोय ना त्याचं काम? मग तू मध्ये हात घालू नकोस.”

पाण्यात पडलेली माशीसुद्धा बोटानं उचलून खिडकीत वाळत ठेवणारी ही बाई. तिच्या तोंडून हे ऐकून नंबरवाली सुन्न झाली. त्यात शब्द तर सगळे नंबरवालीचे स्वतःचेच होते, अकरा महिन्यांचे.

आत जाऊन तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

तो हसला. “घाबरवायचं आणि महागाची काच गळ्यात मारायची. जुनी खोड आहे तुम्हा लोकांची.”

“मी तुम्हाला काहीच विकत नाहीये. चष्माही नको. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.” तिनं चिठ्ठी लिहून पुढे सरकवली.

आता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला कुठे पाहिलंय का मी?”

नाही म्हटलं असतं तर तो कदाचित मुकाट्यानं चिठ्ठी घेऊन गेला असता. पण खोटं तिच्या जिभेवर येईना.

“प्रार्थनेच्या खोलीत. ज्याची बोटं मोडली, त्याची बायको मी.”

तो उठला. चिठ्ठी टेबलावरच राहिली. “मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?”

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. हा प्रश्न तिच्या ध्यानीमनी नव्हता, आणि तो रास्त होता.

“नका ठेवू. समोर दुसरं दुकान आहे, तिथे मोजून घ्या. मी पाठवलं म्हणू नका.”

तो गेला. चिठ्ठी मुठीत धरून ती पायरीवर उभी राहिली. तिथलं यंत्र नीट चालत नसलं तर? त्यांनी दाब मोजलाच नाही तर? या माणसासाठी आपला जीव खालीवर होतोय हे ध्यानात आलं, तेव्हा ती चांगलीच हबकली. आज सकाळपर्यंत तर...

पंधरा मिनिटांनी तो रस्ता ओलांडून आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“बेचाळीस,” तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

चिठ्ठी घेऊन त्यानं डॉक्टरांचा पत्ता दोनदा विचारला. माफी काही मागितली नाही. मागायची तर तिलाही होती. पण कशाबद्दल, हे त्याला सांगायची तिची छाती झाली नाही.