माळावरची गोमुखी बोट

लासलगावच्या रस्त्याला, आमच्या गावाच्या अलीकडच्या वळणावर, एक बोट उभी आहे. पांढरी, दुमजली, टोकदार नाकाची. आजूबाजूला कांद्याची वावरं. ती तरंगायची असेल तर नांदूरमधमेश्वरचं धरण फुटावं लागेल आणि ते पाणी चढावर वाहावं लागेल. बोट विटा-सिमेंटची आहे. ती नाथाचं घर आहे.

नाथा कोंडाजीबाबांचा धाकटा मुलगा. आम्ही एका आळीत वाढलो. दहावीत अडकल्यावर तो लासलगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवू लागला. मोर बरा काढायचा. कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं दिसायचं. अठ्ठ्याहत्तर साली नाशिकच्या एका एजंटानं त्याला दुबईला पाठवलं. जहाज रंगवायला चाललोय, असं तो गावभर सांगत सुटला. तिथं पोचल्यावर कळलं, जहाज नाही, याट आहे, श्रीमंताची हौसेची बोट. आणि रंगवायची नाही, पुसायची आहे.

याट कुणा धनिकाची होती. मालक थंडीत थोडे दिवस यायचा. बाकीचं वर्ष ती धक्क्याला बांधलेली असायची आणि नाथा तिला पुसायचा. जी वस्तू कुणी मळवत नाही ती रोज पुसायची. असली नोकरी निर्माण करायला फार पैसा लागतो. साधा पैसा पुरत नाही.

त्र्याऐंशी साली तो परत आला. एक टेपरेकॉर्डर आणला, दोन ब्लँकेटं आणली, आणि त्या याटचा गुळगुळीत कॅटलॉग आणला. त्यात मजल्यामजल्याचा नकाशा होता. रावजी गवंड्यापुढं तो उघडून नाथा म्हणाला, "हे बांधायचं."

रावजीनं कॅटलॉग सरळ धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला. "खांब कुठं हायेत?"

"याटला खांब नसतात."

"मग स्लॅब काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

चुन्याच्या फक्कीनं आखणी झाली तेव्हा मी हजर होतो. रस्त्याच्या बाजूला पांढऱ्या रेघा एकमेकींना टोकाशी भेटल्या. वावराच्या बाजूला त्या रुंद झाल्या. मला हसू आवरेना. म्हातारी माणसं मात्र खूश झाली. कोंडाजीबाबा काठी टेकत रेघेरेघेनं फिरले आणि म्हणाले, "गोमुखी हाय. पुढं निमुळतं, मागं रुंद. गाईच्या तोंडावानी. नांदतं घर व्हईल." याच्या उलट, पुढं रुंद आणि मागं निमुळतं असेल तर ते वाघमुखी. दुकानाला चालतं, घराला नाही. ते माणसं खातं, असं आमच्याकडं मानतात.

दार कुठं येणार, हे कुणी विचारलं नाही. दार पुढंच असतं. ती काय विचारायची गोष्ट आहे? नाथानंही सांगितलं नाही, कारण त्याला ते सांगायचं सुचलंच नाही. याटमध्ये मागून चढतात. पाच वर्षं तो मागूनच चढला होता.

भिंती उभ्या राहिल्या तेव्हा गावाला कळलं. रस्त्याकडच्या नाकाला दार नव्हतं. गोठ्याला वळसा घालून वावरात जायचं आणि रुंद बाजूनं आत शिरायचं. म्हणजे गाय दिसायला. शिरायचं ते वाघाच्या तोंडात.

नाथाची बायको सिंधू नामपूरची. नवरा दुबईला पुसत होता तेव्हा ती इथं सासऱ्याचा कांदा निंदत होती. ती एवढंच म्हणाली, "त्या घरात मी पाय ठेवायची नाय." नाथाला वाटलं, बाईमाणूस आहे, रंग दिल्यावर पाघळेल. रंग दिला. ती पाघळली नाही.

वास्तुशांत आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला धरली होती. आखाजीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ भिकन मुराळी म्हणून आला, म्हणजे सणाला बहिणीला माहेरी न्यायला. जुन्या घराच्या ओट्यावर तो चहा फुंकत बसला. सिंधूनं पिशवी भरून त्याच्याशेजारी ठेवली. वास्तुशांतीला पाटावर नवराबायको दोघं लागतात. भटजी म्हणाले, अडचण असेल तर बायकोऐवजी सुपारी ठेवून भागवता येईल. नाथाचा चेहरा पडला. बायको जिवंत, गावात हजर, आणि पाटावर सुपारी. सात गावं हसली असती.

नाथानं मला गाठलं. मी नुकताच एम.ए. होऊन आलो होतो.

"रंगा, तू तिला घर दाखव. तू मराठीत एम.ए. केलंस. नीट समजावून सांग."

"मला काय सांगता येणार? मी बोट पाहिलेली नाही."

"मी दाखवतो. तू फक्त मान डोलव."

सिंधू यायला तयार झाली. "बघायला काय जातंय? सर्कस पण बघतो की आपण. चला, भाऊजी."

भर दुपारी आम्ही तिघं गोठ्याला वळसा घालून मागच्या बाजूला पोचलो. तिथं जमिनीलगत एक रुंद पायरी होती. नाथा तिच्यावर उभा राहिला. त्याचा आवाज बदलला. दुबईत पाहुण्यांना याट दाखवणाऱ्या कुणाचा तरी तो आवाज असावा.

"हा पोहायचा ओटा. इथून मालक पाण्यात उतरतात."

समोर कांद्याची काढणी चालली होती. बायका पात कापत होत्या. त्यांच्यातली चांगुणा ओरडली, "नाथाभाऊ, जपून उतरा, बुडाल."

वर मागची पडवी. तिथं अर्धगोल बाक, जमिनीत बसवलेला. पुढं काचेचं सरकतं दार. आत लांबट खोली, खाली गालिचा, बाजूला दारूच्या बाटल्यांचं कपाट. बाटल्यांच्या जागी शेंगदाणा तेलाचे डबे होते.

"हे सलून."

"न्हावी कधी येतो?" सिंधूनं विचारलं.

"अगं, बैठकीची खोली. टेबल बघ. हलव."

तिनं हलवलं. हललं नाही. बोल्टनं जमिनीला आवळलं होतं. फळ्यांना पुढून बोटभर उंच काठ होते. कपाटाचे कप्पे बटण दाबल्याशिवाय उघडत नव्हते.

"लाटांत सामान पडू नाय म्हणून," नाथा म्हणाला.

"घर किती हलतं?"

नाथा माझ्याकडं पाहू लागला. मी मान डोलवली. कशासाठी ते मलाही कळलं नाही.

तीन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. त्याला तो गॅली म्हणत होता. एका माणसानं उभं राहायचं आणि वळायचं नाही, अशी जागा. चूल नव्हती. धूर जायला वाट नव्हती. पलीकडच्या भिंतीला लागून संडास, बसायचा, झाकणाचा.

सिंधू भिंतीच्या या बाजूला उभी राहिली. मग त्या बाजूला जाऊन आली. "मी इथं भाकरी थापणार. तुम्ही तिथं बसणार. मधी एक वीट."

"फॉरेनला असंच असतं."

"मंग ते लोक भाकरी खात नसतील."

नंतर मालकाची खोली. ती याटच्या पोटात असते, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत मऊ. इथं ती जमिनीत अर्धी पुरलेली होती. गोल खिडक्यांतून बाहेरच्या गवताची मुळं दिसत. पलंगाला तिन्ही बाजूंनी उतरता यायचं. आमच्या गावात पलंगावर तिन्ही बाजूंनी माणसं झोपतात. त्याखाली इंजिनाची खोली. इंजिनाऐवजी विहिरीची जुनी मोटर ठेवली होती. कशाला जोडली नव्हती. नकाशात इंजिन होतं, एवढंच.

मला याटचीच कीव आली. असल्या वस्तूसाठी कुणी तरी डोकं चालवलं होतं. कुठल्या कोनातून मालकाला सूर्य बरा दिसेल, पेला कुठं ठेवला तर सांडणार नाही, याचा कुणी तरी वर्षानुवर्षं विचार केला होता.

बाहेरच्या जिन्यानं आम्ही वर गेलो. नाथाचा चेहरा उजळला.

"हा फ्लायब्रिज. याटची खरी शान. खाली एक स्टेअरिंग, वर दुसरं. खालून चालवलं तर वारा लागत नाय. मालक इथं बसतो. वर आभाळ, हातात पेला."

मालेगावच्या भंगारातून आणलेलं ट्रकचं स्टेअरिंग तिथं सिमेंटमध्ये रोवलं होतं. त्यापुढं रेक्झिनची खुर्ची. रस्त्यानं कांद्याचे ट्रॅक्टर बाजाराकडं चालले होते. प्रत्येक ड्रायव्हर मान वर करून पाही आणि हसत पुढं जाई.

सिंधूनं खुर्चीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. रेक्झिन तापलं होतं. "तुम्ही तिथं या खुर्चीत बसायचा?"

"मी पुसायचो."

"बसायचा का?"

"नाय."

"मंग झोपायचा कुठं?"

नाथाचा दुबईचा आवाज गेला. तो जिना उतरून पुढच्या निमुळत्या गच्चीवर गेला. तिथं लोखंडी झाकण होतं, पाण्याच्या टाकीला असतं तसं. त्यानं ते उचललं. खाली शिडी होती.

आम्ही उतरलो. बोटीच्या नाकातली तिकोनी कोंडी. खिडकी नाही. घरात जायला आतून दार नाही. मी ताठ उभा राहिलो तर डोकं आपटलं. दोन्ही भिंतींना दोन फळ्या, टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या.

"इथं?" सिंधू म्हणाली.

"दोघं. मी आणि केरळचा एक."

"पाय लांब व्हायचे?"

"एकाचे. दुसऱ्यानं पोटाशी घ्यायचे. पाळीपाळीनं."

ती फळीवर बसली. "मला कळवायचा, समुद्राचा वारा लय गार हाय."

"धक्क्यावर हाय ना."

"मंग हे इथं कशाला बांधलं?"

"नकाशात हाय. ह्याच्याबिगर याट पुरी होत नाय."

"इथं कोण झोपणार? मामंजी? गडी? का तुम्हीच?"

"कुणी नाय. कांदे भरू."

"आठवड्यात सडतील. वारा कुठंय? कांदा ऱ्हात नाय असल्या जागी ऱ्हायलात, आणि गावी येऊन तेच परत बांधलं." ती नामपूरची अहिराणी बोलू लागली, चिडली की तिला तीच सुचते. "आठे कोन ऱ्हाई? हाई घर शे का?" म्हणजे इथं राहणार कोण, हे घर आहे का? मग उठून तिनं नाकाच्या टोकाला, दोन्ही भिंती मिळतात तिथं, मूठ आपटली. "इथं दार पाडा."

"बोटीला पुढून दार नसतं. पाणी शिरंल."

मी हसलो. ती हसली नाही. "पाणी? कांद्याला मिळत नाय, घरात कुठून शिरतंय? गोमुखी म्हणून आखलं ना? मंग गाईला तोंड ठेवा. दार पाडा, मी उद्या पाटावर बसते. नाय तर सकाळच्या गाडीनं भिकनसंगं जाते. तुम्ही सुपारी मांडा आणि तिच्याशीच संसार करा."

ती शिडी चढून गेली.

नाथा वर जाऊन स्टेअरिंगपुढं बसला. मीही गेलो. तो पुढं बघत होता, जणू समोर काही तरी येत होतं.

"रंगा, याटचं नाक कुणी फोडतं का?"

"याट कुठं आहे?"

त्याला राग आला. मग गेला. तो म्हणाला, "एकदा मालकानं मला विचारलं, तू रोज सकाळी कुठून येतोस? मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसलो. तो खरंच विचारत होता. त्याला ठाऊकच नव्हतं त्याच्या याटमध्ये ती खोली हाय म्हणून. कॅटलॉग त्याच्या टेबलावर होता."

"आणि तू नकाशा वाचून बांधलीस."

तो उठला. रावजीचा घण गोठ्यात होता. तो घेऊन नाथा झाकणातून खाली उतरला. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आतून घाव बसू लागले. पांढऱ्या नाकावर आधी चीर उमटली, मग एक वीट बाहेर आली, मग नाथाचा हात. कोंडाजीबाबा काठी टेकत आले आणि बघत उभे राहिले. रावजी धावत आला.

"अरे येड्या, वरची वजनं हायेत. माझ्या हातानं पाडू दे."

"पाड," आतून नाथा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत दार झालं. बुटकं, वाकडं, चौकटीशिवाय. घरात जायला रावजीनं कोंडीची मागची भिंतही फोडली, दारापुढं मुरूम भरला. पुढं जुन्या घराचा दगड उंबरा म्हणून बसवला. बोटीच्या नाकाची नाकपुडी झाली.

आखाजीला सिंधू कलश घेऊन त्या दारातून आत गेली. पाटावर बसली. भटजींनी सुपारी परत पिशवीत टाकली. भिकन आमरस-पोळी जेवला आणि एकटाच नामपूरला निघाला. निघताना मला म्हणाला, "हाई बोट शे का गोठा शे?" मला अजून ठरवता आलेलं नाही.

याला पाच वर्षं झाली. तालुक्यात याहून कुरूप घर नाही. चूल पहिल्या महिन्यातच मागच्या पडवीत आली. पोहायच्या ओट्यावर गाय बांधतात. मालकाच्या मऊ खोलीत खताच्या गोण्या आहेत. स्टेअरिंगवर कोंडाजीबाबांचं धोतर वाळतं. नाथा पुन्हा ट्रॉल्या रंगवतो. कमळाऐवजी आता याट काढतो, आणि लोक ती हौसेनं काढून घेतात. तीही कोबीसारखीच दिसते.

त्या तिकोनी कोंडीत मात्र दुपारचा सगळा वारा शिरतो. फळ्या काढल्या. नाथा तिथं जमिनीवर झोपतो, पाय उंबऱ्याबाहेर, रस्त्याच्या दिशेनं, पार लांब केलेले. आलेल्या माणसाला आत जायला जागा उरत नाही. मग सिंधू आतून सांगते, "मालक झोपलेत. मागून या."