जोडी फोडू नये

आर्जेन्टिनात कुठेही जा, कोर्दोबाचा माणूस टोपणनावावरून ओळखू येतो. पाद्रीनं ठेवलेलं नाव कागदावर राहतं आणि दोस्तांनी ठेवलेलं थडग्यापर्यंत सोबत जातं. ओविदिओ तोसेलीला आमच्या विमान-मॉडेलांच्या क्लबात सगळे 'औषधवाला' म्हणत. हे बारसं केलं होतं त्याच्या जिवलग दोस्तानं, देल्फोर लुदुएन्यानं. "हा बाबा मांसाला मीठसुद्धा काट्यावर तोलून लावतो," असं देल्फोर सांगायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. ओविदिओच्या खिशात इवलासा इलेक्ट्रॉनिक काटा कायम असायचा. विमानात जाणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार तो तोलायचा आणि वहीत ग्रॅम लिहून ठेवायचा.

पंधराव्या वर्षी तो विमानाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि अडतीस वर्षं त्यानं पंखांना रिव्हेट मारले. देल्फोर दोन वर्षांनी आला, पत्राकामाच्या खात्यात. कानस धरायची कशी, हे त्याला ओविदिओनंच शिकवलं. "पत्रा कापलास की कोपरा घासून गोल कर, नाहीतर तो कुणाला तरी कापतोच," हा पहिला धडा. पुढे ओविदिओला मुलगी झाली, मारिसेल. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचा धर्मपिता देल्फोर झाला. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणू लागले. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. भाऊ नशिबानं मिळतो, कोंपाद्रे माणूस स्वतः निवडतो.

कामाची वाटणीही जुनीच. ओविदिओ विमान बनवायचा, देल्फोर उडवायचा. ओविदिओच्या बोटांत धीर होता पण चपळाई नव्हती. देल्फोरच्या बोटांत नेमकं उलटं. रिमोट हातात आला की तो मुलासारखा जीभ बाहेर काढायचा आणि विमान त्याचं ऐकायचं.

क्लबातल्या सगळ्यांच्या बॅटऱ्यांचं सोल्डरिंग ओविदिओकडे असे. त्याचा सांधा आरशासारखा चमकायचा. पॅक परत देताना तो प्रत्येकाला तेच प्रवचन ऐकवायचा. "शेजारीशेजारी जोडायच्या असतील तर लहानमोठ्या चालतात. व्होल्ट सारखे असले म्हणजे झालं, दोघी ओझं वाटून घेतात. पण एकीमागे एक जोडायच्या असतील तर दोघी एकाच मापाच्या हव्यात. तिथं दोघींना सारखंच पळावं लागतं. धाकटी आधी दमते आणि थोरली तिला तशीच फरफटत नेते. मग धाकटी मरते आणि तिच्यासोबत विमानही. म्हणून जोडी फोडू नये." त्याच्याकडच्या जोड्या एकाच दिवशी आणलेल्या, एकत्र वापरलेल्या, एकत्र म्हाताऱ्या होणाऱ्या. त्या तो कुणालाही उसन्या देत नसे.

देल्फोरला एकदाच दिली.

त्याचं असं झालं. बायको नेलिदा गेल्यावर ओविदिओनं एक मोठं विमान हाती घेतलं. तरुणपणी ज्या पिवळ्या विमानांना त्यानं रिव्हेट मारले होते, त्यांतल्याच एकाची हुबेहूब प्रतिकृती. पंख अडीच मीटरचे. त्यावर गोंदाचे इवले ठिपके देऊन त्यानं नऊ हजार खोटे रिव्हेट काढले. अडीच वर्षं गेली. रिकामं घर खायला उठायचं, तेव्हा तो ह्या विमानापाशी जाऊन बसायचा. त्यासाठी त्यानं पाच हजार मिलीअँपिअर-तास क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांची नवी जोडी आणली. पहिलं उड्डाण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठरलं. मारिसेल दक्षिणेतून, नेउकेनहून, बसनं रात्रभर प्रवास करून यायची होती. आदल्या आठवड्यात देल्फोर म्हणाला, "कोंपाद्रे, शेजारच्या गावी मेळावा आहे. तुझी जोडी एक दिवस दे की. तशीही कपाटात बसून काय करणार आहे?" ओविदिओला नाही म्हणता आलं नाही. ज्याला मुलीचा धर्मपिता केलं होतं त्याला बॅटरी नाकारायची कशी?

रविवारी सकाळी देल्फोरनं जोडी परत आणली, तीही पूर्ण भरून. ओविदिओनं मीटर लावला. व्होल्ट पुरे होते. काट्यावर ठेवली; पाचशेवीस ग्रॅम आणि पाचशेवीस ग्रॅम. त्यानं समाधानानं मान हलवली. भरलेला पेला लहान असो की मोठा, वरून काठोकाठच दिसतो. ते त्या सकाळी त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

विमान उडालं. काय उडालं! असादोच्या, म्हणजे मांस भाजायच्या, शेगडीवर बसलेला क्लबातला इसाउरो मांस जळत ठेवून बाहेर आला. मारिसेल फोनवर सगळं टिपत होती. ओविदिओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

चार मिनिटं झाली तसं देल्फोर म्हणाला, "उतरवतो आता."

"का रे? घड्याळ सात मिनिटांवर लावलंय! आणखी एक फेरी मार. तिकडून, उन्हाच्या बाजूनं आण. मारिसेलला नीट दिसलं नाही."

"पुरे, कोंपाद्रे."

"अरे, जोडीत मोप आहे अजून!"

देल्फोरनं विमानावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग विमान वळवलं आणि दूर सोयाबीनच्या शेतावर नेलं. तिथंच मोटार बंद पडली. उंची नव्हती. पिवळं विमान निलगिरीच्या रांगेवर आदळलं, आणि अडीच वर्षांच्या कामाचा आवाज आमच्यापर्यंत थोड्या उशिरानं आला.

आमच्या क्लबात रीत आहे. पडलेलं विमान जेवणाच्या टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून कारण शोधायचं. तसं मांडलं. देल्फोरनं ढिगातून बॅटऱ्यांची एक तार उचलली. तिचं टोक कनेक्टरपासून सुटलं होतं.

"हे बघा," तो म्हणाला. "सोल्डर सुटलंय."

तार हातोहात फिरली. शेवटी ओविदिओच्या हातात आली. सांधा त्याचाच होता आणि सुटला होता. मागच्या वर्षी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याला वाटलं, संपलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे. ह्यापुढे मी कुणाचं सोल्डरिंग करणार नाही. तुमचे पॅक घेऊन जा. उद्या दुसऱ्याचं विमान माझ्या हातानं पडायला नको."

देल्फोरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं, कोंपाद्रे. सगळ्यांचं होतं."

पुढचे पाच आठवडे ओविदिओनं कामाच्या टेबलावरचं फडकं उचललं नाही. मातेचा कडवट चहा पिताना तो आपल्याच हातांकडे बघत बसायचा. देल्फोर रोज फोन करायचा. जेवलास का, झोप लागते का, विचारायचा. "देल्फोर आहे म्हणून मी आहे," असं ओविदिओनं मारिसेलला सांगितलंसुद्धा.

जानेवारीत, जीव नकोसा करणाऱ्या उकाड्यात, त्यानं पडलेल्या विमानातल्या त्या बॅटऱ्या, आगीच्या भीतीनं अंगणातल्या मातीच्या कुंडीत ठेवलेल्या, बाहेर काढल्या. बाद झालेल्या बॅटऱ्या पुरत्या रिकाम्या करूनच टाकायच्या असतात. सवयीनं मीटर लावला. एका पॅकमध्ये चांगला जीव होता. दुसरा ठार मेलेला, उशीसारखा फुगलेला.

तो तिथंच पायरीवर बसला. एकामागे एक जोडलेल्या दोघींतून वीज वाहते ती सारखीच. एकीत तिसरा हिस्सा शिल्लक असताना दुसरी तळाला कशी जाईल? आणि सोल्डर हवेतच सुटलं असतं, तर दोघींत सारखंच उरलं असतं. म्हणजे मोटार सोल्डरमुळे बंद पडली नव्हती. सांधा झाडावर आपटून सुटला होता.

त्यानं जपून फुगलेल्या पॅकचं वेष्टण कापलं. वरचं वेष्टण पाच हजारांचं. आत तेहेतीसशेची छोटी बॅटरी, भोवती फोम, आणि फोमखाली शिशाची पातळ पट्टी. वजन बरोबर पाचशेवीस भरावं म्हणून मोजून कापलेली. ओविदिओनं ती बोटांनी चाचपली. चारही कोपरे घासून गोल केले होते.

आमच्याकडे सिएस्ताच्या, दुपारच्या झोपेच्या वेळी कुणी कुणाचं दार वाजवत नाही. देल्फोर चड्डीवरच दारात आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही." ओविदिओ आत गेला आणि पट्टी टेबलावर ठेवली.

देल्फोरनं तिच्याकडे पाहिलं. मग वळून किटली ठेवू लागला. "माते घेतोस?"

"नको."

इतक्या वर्षांत ओविदिओनं त्या घरात मातेला नाही म्हटलं नव्हतं. देल्फोरनं किटली खाली ठेवली.

"मेळाव्याला जोडीतली एक उन्हात गाडीत राहिली रे. फुगली. नवी यायला तीन आठवडे लागले असते. पोरीनं तिकीट काढलं होतं. मी म्हटलं, चार मिनिटं उडवतो, उतरवतो आणि मग गुपचूप बदलून टाकतो."

"मग उतरवलं का नाहीस?"

"तूच म्हणालास, आणखी एक फेरी."

ओविदिओ हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "म्हणजे ह्यातही माझंच चुकलं. वा! अरे, 'बॅटरी फुगवली' एवढं म्हणाला असतास, तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि मारिसेलला तीन आठवड्यांनी बोलावलं असतं. विमानही सोड. लाकूड आणि कागद होतं ते. पण टेबलापाशी ती तार कुणी उचलली?"

"लोक बघत होते. तोंडातून निघून गेलं."

"आणि मग पाच आठवडे काय तोंड शिवलं होतं? रोज फोन करायचास! झोप लागते का विचारायचास! मला कशामुळे लागत नाही ते तुला ठाऊक होतं, देल्फोर."

देल्फोरनं मान खाली घातली. "काय करू सांग."

"रविवारी सगळ्यांसमोर सांग."

"सांगतो. शपथ."

शब्द पाळला त्यानं. रविवारी असादोच्या टेबलावर ग्लास वाजवून तो उभा राहिला. "मंडळी, आयुष्यभर सगळ्यांना तोलून देणाऱ्या औषधवाल्याला मी एकदा भेसळीचं औषध विकलं!" असं म्हणून त्यानं रंगात येऊन सगळी गोष्ट सांगितली. फुगलेली बॅटरी, शिशाची पट्टी, काही काही सोडलं नाही. काट्यावर वाकलेल्या ओविदिओची नक्कलसुद्धा केली. डोळे बारीक करून, मान डोलावत, "पाचशेवीस. अगदी बरोबर!" लोक हसून हसून लोळले. आमचा कोर्दोबेकर असाच. मयतातसुद्धा विनोद सापडल्याशिवाय घरी जात नाही. कुणी देल्फोरच्या पाठीवर थाप मारली. कुणी त्याचा ग्लास भरला.

ओविदिओ बसून होता. त्याचे पाच आठवडे दोन मिनिटांत सांगून झाले होते, आणि त्यांत लोकांना मौज वाटली होती. देल्फोरच्या घरी बंद दाराआड जे ऐकलं होतं त्याहून हे त्याला जास्त लागलं.

इसाउरो त्याच्याजवळ आला आणि कडकडून मिठी मारली. "मग झालं की! हात ठणठणीत आहेत तुझे!" त्यानं पिशवीतून दोन पॅक काढून पुढे ठेवले. "तेवढं जोडून दे बाबा. महिनाभर माझं विमान जमिनीवर आहे."

ओविदिओनं दोन्ही पॅक घेतले. त्यांवरचे आकडे वाचले. मग चाकू काढला आणि वेष्टणं कापून आत काय आहे ते पाहिलं. आजवर त्यानं क्लबातल्या कुणाचंही वेष्टण उघडून पाहिलं नव्हतं. इसाउरोचं हसू जागच्या जागी राहिलं.

"ठीक आहेत," ओविदिओ म्हणाला. "बुधवारी घेऊन जा."

देल्फोर ग्लास घेऊन जवळ आला. सगळं मिटलं अशा सुरात म्हणाला, "आता नवं विमान कधी हाती घेतोस, कोंपाद्रे? उडवायला मी आहेच."

"मीच उडवीन."

"तू? तुला कुठं येतंय! दुसऱ्या मिनिटाला पाडशील."

"पाडीन," ओविदिओ म्हणाला. "पण कुणी पाडलं, ते मला त्याच दिवशी कळेल."

देल्फोर मोठ्यानं हसला. त्याला वाटलं, बाकीचेही हसतील.